महिला आशिया चषक बास्केटबॉल: फायनल सगळे बघतात, सातव्या जागेची मॅच कोण बघतं?

तिसरा_क्वार्टर

शेन्झेनचा २०२५ चा महिला आशिया चषक जुलैत संपला. फायनलला ऑस्ट्रेलियाने जपानला ८८-७९ हरवलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड २०१७ पासून आशियात खेळायला लागले, त्यात ऑस्ट्रेलियाचं हे पहिलंच विजेतेपद. यजमान चीन सेमीफायनललाच जपानकडून गारद झाला, तेही सव्वासात फुटी झांग झीयू संघात असताना. मुलगी तेव्हा जेमतेम अठराची, उंची २ मीटर २०. तिचे व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर येऊन गेले असतील.

ज्यांना ही स्पर्धा नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन सांगते. १९६५ ला सोलमध्ये सुरू झाली. कोरिया आणि चीन यांची प्रत्येकी १२ विजेतेपदं. जपानची सहा, त्यातली पाच लागोपाठ, २०१३ ते २०२१. ही साखळी २०२३ ला सिडनीत चीनने ७३-७१ अशी तोडली. म्हणजे साठ वर्षांत चारच देशांनी हा चषक उचलला आहे.

पण धागा फायनलसाठी काढलेला नाही. आपल्याकडे या स्पर्धेबद्दल बोलणं निघालं की गाडी थेट "चीनच्या मुली बघ केवढ्या उंच" इथे जाऊन थांबते. मला बोलायचंय ते तळाबद्दल. स्पर्धेच्या वरच्या, म्हणजे अ विभागात आठ संघ असतात, चार-चारचे दोन गट. गटात पहिला आला तो सरळ सेमीला, दुसरे-तिसरे आपसात खेळून सेमी गाठतात, आणि दोन्ही गटांतले शेवटचे संघ एकमेकांशी भिडतात. जिंकला तो सातवा आणि सुरक्षित. हरला तो आठवा, आणि पुढच्या वेळी खालच्या ब विभागात. त्या सामन्याला हॉल अर्धा रिकामा असतो, कॉमेंट्री करणाऱ्यालाही कंटाळा आलेला असतो, आणि कोर्टवरच्या बारा-बारा मुलींची पुढची दोन वर्षं त्या चाळीस मिनिटांत ठरत असतात.

भारत हा सामना दोनदा हरलाय आणि दोन्ही वेळा फिलिपिन्सकडून. २०१९ ला बंगळुरूत, आपल्याच घरात. मग २०२१ ला अम्मानमध्ये, अगदी थोडक्यात. पहिल्या वेळी आठवे येऊनही आपण अ विभागात राहिलो, त्या दुसऱ्या पराभवाने मात्र खाली गेलो. त्यानंतर अ विभागात आपण खेळलेलो नाही.

त्याच्या अगोदरचा प्रवास बघा. २००९ ला चेन्नईत ही स्पर्धा झाली तेव्हा गीतू अ‍ॅना जोस, अनिता पॉलदुराई, प्रशांती सिंग ही पिढी होती. २०१३ ला बँकॉकला आपण पाचवे आलो. पाचवे! मग घसरण, ब विभाग. २०१७ ला बंगळुरूत ब विभागाच्या फायनलला कझाकस्तानला ७५-७३ हरवून पुन्हा वर. त्या संघात आपल्या पुण्याची शिरीन लिमये होती. आणि चार वर्षांनी परत खाली. हे वर-खाली का होतं, हा माझा प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: उंची हे कारण दुय्यम आहे. आपल्या मुली पुरेशा मॅचेस खेळत नाहीत.

अण्णा_सातारकर

धागा चांगला आहे, पण उंची दुय्यम कशी? रिंग सगळ्यांसाठी दहा फुटांवरच असते ना? सव्वासात फुटी पोरगी हात वर करून उभी राहिली तर पाच फूट सहा इंचवाली काय करणार? ज्याची हाइट त्याचा गेम. हे कॅरम नाही.

योकोहामा_मुक्काम

अण्णा, २०१९ ची बंगळुरूची फायनल जपान विरुद्ध चीन होती. जपान ७१-६८. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली नाको मोतोहाशी, उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट पाच इंच. तुमच्या त्या पाच-सहावालीपेक्षाही एक इंच कमी.

टोकियो ऑलिंपिकला जपानने रौप्य मिळवलं तेव्हा त्यांची सगळ्यात उंच खेळाडू, रामू तोकाशिकी, गुडघ्याच्या दुखापतीमुळे संघातच नव्हती. सेमीफायनलला फ्रान्सविरुद्ध रुई माचिदाने १८ असिस्ट (ज्यावरून लगेच बास्केट होते ते पास) दिले, ऑलिंपिकचा विक्रम. ती १६२ सेंटिमीटर.

इथे मी मॅचेस बघायला जातो म्हणून सांगतो, टीव्हीवर हे नीट कळत नाही. जपानच्या पाचही मुली थ्रीच्या, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरून उभ्या राहतात. आतली जागा सताड रिकामी. समोरच्या संघाच्या सेंटरला, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच मुलीला, मग आपल्या खेळाडूमागे बाहेर यावं लागतं. ती बाहेर आली की एक मुलगी तिच्या वाटेत उभी राहून स्क्रीन लावते, बॉल हाताळणारी गार्ड आत घुसते, मदतीला दुसरी आली की बॉल कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या मुलीचे हात आधीच वर तयार असतात, बॉल झेलून खाली आणतच नाही ती. झेलला तिथूनच सोडला. चुकला तरी सगळ्या धावत मागे. पहिल्या क्वार्टरला उंच संघ पुढे असतो, चौथ्या क्वार्टरला त्यांच्या सेंटरचे हात गुडघ्यांवर असतात.

बाहेरची रेषा ६.७५ मीटरवर आहे, पुरुषांना तेवढीच आणि बायकांनाही तेवढीच. तिथून शंभरात पस्तीस-चाळीस घालायचे तर लहानपणापासून हजारोंनी मारावे लागतात. ते इथल्या शाळांच्या क्लबांत होतं. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी शाळेनंतर, सुट्टीतही. अति होतं असं माझं मत आहे (माझी लेक आठवीत क्लबमध्ये होती, एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी आम्ही कुठे गेलो नाही). पण त्यातून जे येतं ते समोर आहे.

दक्षिणगोलार्ध

योकोहामा, सगळं मान्य. पण अर्धीच गोष्ट सांगताय. २०२३ ची सिडनीची फायनल मी हॉलमध्ये बसून पाहिली. ऑलिंपिक पार्कमधला छोटासा हॉल, निम्म्याहून जास्त चिनी प्रेक्षक, लाल झेंडे, कान किटले. जपान सुंदर खेळला. पण चीनची उंच सेंटर हान शू आत उभी राहून हात वर करते ना, तेव्हा तिला पास देण्यासाठी फार अक्कल लागत नाही, बॉल फक्त उंच टाकायचा. जपानच्या दोघी तिच्या कंबरेशी झोंबत होत्या, एक पुढून, एक मागून, आणि ती शांतपणे वरच्या वर बॉल घेऊन वळत होती. दोन गुणांनी का होईना, जिंकला चीनच. पॅरिस ऑलिंपिकला जपान तिन्ही सामने हरला. आता शेन्झेनलाही फायनलला ऑस्ट्रेलिया.

तेव्हा उंची लागत नाही असं नाही. उंची नसेल तर बाकी सगळं जवळजवळ बिनचूक लागतं, एवढंच जपानने सिद्ध केलंय.

आणि ऑस्ट्रेलियाबद्दल एक. इथल्या चाहत्यांचा आशिया चषकाकडे बघायचा सूर थोडा विचित्र आहे. अमेरिकेतली डब्ल्यूएनबीए लीग ऐन याच महिन्यांत चालू असते. त्यामुळे पहिल्या फळीतल्या बऱ्याच जणी येतच नाहीत. २०१७ ला बंगळुरूत याच कारणाने दुसरी फळी आली आणि जपानकडून ७४-७३ अशी एका गुणाने फायनल हरली. यंदाही बऱ्याच नावाजलेल्या मुली तिकडेच होत्या. तरी जिंकले. यावर इथले लोक खूश आहेत की फक्त "बघा आमची बेंच किती खोल" म्हणून कॉलर ताठ करतायत, हे मला अजून कळलेलं नाही.

अण्णा_सातारकर

म्हणजे मी बरोबरच होतो.

दक्षिणगोलार्ध

अर्धे. 😀

तिसरा_क्वार्टर

अण्णा, उंच मुलगी भारताकडे नव्हती असं नाही. पूनम चतुर्वेदी, सहा फूट अकरा इंच. आशियातल्या कुठल्याही सेंटरच्या डोळ्याला डोळा देणारी उंची. कानपूरची मुलगी, भिलाईला राजेश पटेल सरांच्या हाताखाली घडली. पण सहा-अकराच्या मुलीला बॉल द्यायलाही गार्ड लागतात, आणि दबावाखाली तो पास देता यायला लागतो. तिच्यावर दोघी चढल्या की बाहेर मोकळी राहिलेल्या मुलीने थ्री घालायला लागतो. ते नसेल तर समोरचा संघ तिच्यावर तिघी सोडतो आणि बाकीच्यांना म्हणतो, मारा बाहेरून. एकट्या उंचीने भागत नाही हे मला याच उदाहरणावरून पटलं.

ऑरेंजसिटी

नागपुरात गेली बरीच वर्षं मुलींना शिकवतो आहे. तुम्ही सगळे फायनलच्या गोष्टी करून राहिले, मी खालच्या टोकाकडून सांगतो.

मुलींचा बॉल सहा नंबरचा असतो. मुलांचा सात. घेरात फरक थोडाच, पण बारा वर्षांच्या पोरीच्या पंजात तो फरक खूप असतो. आता शाळेत जा आणि कपाट उघडून पाहा. सातचेच बॉल निघतील. कारण खरेदी करणाऱ्याला सहा नंबर असतो हेच ठाऊक नाही, आणि मुलांचा संघ आधीपासून आहे. मग पोरगी सात नंबरने शूट मारायला शिकते. बॉल जड, पोहोचत नाही, म्हणून ती तो कंबरेपासून दोन्ही हातांनी ढकलते. दोन वर्षं तसंच. मग जिल्ह्याच्या स्पर्धेत सहा नंबर हातात येतो आणि सगळे शॉट बोर्डाच्या वरून जातात! मी एका पोरीचा तो दोन हातांचा ढकलशॉट मोडायला अख्खा हंगाम घालवला आहे. डावा हात नुसता बाजूला टेकवायचा, बोटं वर, कोपर रिंगच्या रेषेत, मनगट शेवटी सोडायचं. ती बिचारी करायची नीट, आणि मॅचमध्ये कोणी अंगावर आलं की परत ढकल.

दुसरं, कोर्ट. आमचं कोर्ट सिमेंटचं. लग्नसराईत त्यावर मांडव पडतो. एकदा ऐन राज्य स्पर्धेच्या आधी पंधरवडाभर कोर्ट गेलं, मी पोरींना रस्त्यावर ड्रिबलिंग करवलं. मांडव निघाला तेव्हा फ्री थ्रो लाइनीवर खिळ्यांची भोकं आणि डाव्या कोपऱ्यात भट्टीचा काळा डाग. त्या कोपऱ्यातून अजून कोणी थ्री मारत नाही, पाय घसरतो.

तिसरं सगळ्यांना माहीत आहे. दहावी. आठवी-नववीत माझ्याकडे वीसेक पोरी असतात, दहावीनंतर त्यातल्या पाच परत आल्या तरी मी साखर वाटीन. मुलांचं असं होत नाही असं नाही, पण मुलगा क्लास सुटल्यावर अंधार पडला तरी येऊन अर्धा तास खेळून जातो. पोरीला सातच्या आत घरात.

लेअप_लक्ष्मी

ऑरेंजसिटी, प्रत्येक वाक्याला +१. मी विद्यापीठापर्यंत खेळले. आमच्याकडे मुलांचा सराव कधी संपेल याची वाट बघत बाऊंडरीवर बसायचं, आणि मुलं "दीदी, पाच मिनिटं" म्हणत अर्धा तास खायची. दिवे बंद व्हायच्या आत आम्हाला जो वेळ मिळेल तो आमचा सराव.

आणि मॅचेसचं म्हणाल तर तिसरा_क्वार्टरचं गणित बरोबर आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची. पहिली मॅच हरलात की वर्ष संपलं. जिंकत गेलात तरी चार-पाच मॅचेस. मग विभागीय, तिथे नशीब असेल तर आणखी काही. त्यात मी कोणत्या परिस्थितीत डोकं थंड ठेवायला शिकणार? शेवटचं दीड मिनिट, दोन गुणांनी मागे, समोरच्यांनी प्रेस लावलाय, म्हणजे कोर्टभर अंगाला चिकटून अडवतायत, ही वेळ माझ्यावर सगळ्या कारकिर्दीत हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी आली.

योकोहामा_मुक्काम

यात गंमत अशी की नोकरीची पद्धत जपान, कोरिया आणि भारत, तिघांची सारखी आहे. जपानच्या डब्ल्यू लीगमधले संघ कंपन्यांचे. एनिओस तेल कंपनी, फुजित्सू, टोयोटा. एनिओसने ओळीने अकरा वर्षं लीग जिंकली होती. कोरियाच्या लीगमध्ये सहाच संघ, जवळपास सगळे बँका आणि विमा कंपन्यांचे: वूरी बँक, शिन्हान बँक, सॅमसंग लाइफ वगैरे. आपल्याकडे रेल्वे, केरळचं वीज मंडळ. म्हणजे "आपल्या मुली नोकरीसाठी खेळतात म्हणून मागे" हे काही खरं नाही. त्याही नोकरीसाठीच खेळतात.

फरक असा की तिथे नोकरी लागल्यावर ऑक्टोबर ते एप्रिल दर आठवड्याला लीगची मॅच असते. त्याच त्या संघांशी पुन:पुन्हा. तुमचा डावीकडे जायचा हट्ट समोरच्या गार्डला पाठ झालेला असतो, मग तुम्हाला उजवीकडे जायला शिकावंच लागतं. रेल्वेतली मुलगी राष्ट्रीय स्पर्धा, फेडरेशन कप, अखिल भारतीय रेल्वेची स्पर्धा खेळते. आठवडाभरात स्पर्धा उरकते आणि मग पुढच्या कॅम्पची वाट.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

रेल्वेवर अजून एक. महाराष्ट्रात घडलेली चांगली मुलगी रेल्वेत लागते आणि मग राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राविरुद्धच खेळते. मुलीचा यात काहीच दोष नाही, पोटापाण्याचं बघायलाच हवं. पण सगळी मलई एका डब्यात गेल्यावर राष्ट्रीय स्पर्धेत चुरस राहते का? रेल्वे आणि दोनतीन दक्षिणेकडची राज्यं सोडली तर बाकीचे संघ तिशी-चाळिशीच्या फरकाने हरायला येतात. तिशीच्या फरकाने जिंकणाऱ्या मुलींनाही त्यातून काही मिळत नाही. मग त्याच मुली जपानसमोर उभ्या राहतात आणि शंभराच्या वर गुण खातात. अम्मानला तेच झालं.

अण्णा_सातारकर

हे पटलं. रणजीतही पूर्वी मुंबईविरुद्ध असंच व्हायचं. पण मग उपाय काय? लीग काढा म्हणणं सोपं आहे. पैसे कोण घालणार?

तिसरा_क्वार्टर

म्हणूनच मी फिलिपिन्सचं नाव घेतलं. जपानची बरोबरी आपण या जन्मी करणार नाही, ते राहू दे. फिलिपिन्सकडे बघा. पुरुषांच्या बास्केटबॉलचं वेड तिकडे आपल्या क्रिकेटइतकं, आणि बायकांच्या वाट्याला उरलंसुरलं. हे चित्र ओळखीचं आहे ना? उंचीही आपल्यासारखीच बेताची. २०१५ ला ते खालून वर आले, आणि २०१७ पासून आजपर्यंत अ विभागातून खाली गेलेले नाहीत. दोनदा आपल्या खांद्यावर पाय ठेवून.

त्यांनी केलं काय? माझ्या मते मुख्य गोष्ट एकच, प्रशिक्षक बदलत बसले नाहीत. पॅट्रिक अक्विनो हाच माणूस राष्ट्रीय संघाला आणि मनिलाच्या नॅशनल युनिव्हर्सिटीच्या मुलींनाही शिकवत होता. त्या विद्यापीठाने आंतरविद्यापीठ स्पर्धेत ओळीने १०८ मॅचेस जिंकल्या. राष्ट्रीय संघातल्या कितीतरी मुली त्याच्याच हाताखालच्या, जॅक अ‍ॅनिमामसकट. म्हणजे राष्ट्रीय कॅम्प लागला की पहिला आठवडा ओळखीपाळखीत जात नाही. त्यांची विद्यापीठ स्पर्धाही बाद पद्धतीची नाही, सगळे सगळ्यांशी दोन-दोनदा खेळतात. आणि ती टीव्हीवर दिसते!

यात प्रचंड पैसा कुठे आहे? आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेचे पहिले आठ संघ घ्या आणि त्यांना दोन महिने, शनिवार-रविवार, एकमेकांशी दोन-दोनदा खेळवा. एवढं केलं तरी एका मुलीच्या वर्षाला चौदा चुरशीच्या मॅचेस वाढतात.

ऑरेंजसिटी

शनिवार-रविवार चेन्नईहून नागपूर, नागपूरहून चंडीगड? स्लीपरने? पोरी परीक्षा कधी देतील?

तिसरा_क्वार्टर

बरं, दोन शहरांत चार-चार संघ, महिन्यातून एकदा जमवा. तुम्ही नागपूर घ्या, देशाच्या मध्यावर आहात. 🙂

ऑरेंजसिटी

मांडव नसेल त्या महिन्यात सांगा.

फोंडेकर

सगळी चर्चा वाचली, छान चाललीय. माझा वेगळाच प्रश्न. यंदा अ विभागात इंडोनेशिया आणि लेबनॉन पण होते ना? इंडोनेशियाच्या काही मुली डोक्याला हिजाब बांधून खेळतात, ते नियमात कसं बसतं? मी शाळेत पंचगिरी शिकलो तेव्हा डोक्यावर काही चालत नाही असं सांगितलेलं.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

फोंडेकर, तुम्ही शिकलात तेव्हा तसंच होतं. २०१४ च्या इंचेऑन आशियाई खेळांत कतारच्या महिला संघाला हिजाब काढा म्हणून सांगितलं, त्या मंगोलियाविरुद्ध खेळल्याच नाहीत, मॅच सोडून दिली. फिबाचं, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेचं म्हणणं होतं की डोक्यावरचं वस्त्र खेळाडूंना इजा करू शकतं. बराच गदारोळ झाला. शेवटी मे २०१७ मध्ये हाँगकाँगच्या फिबा काँग्रेसमध्ये नियम बदलला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून लागू झाला. मुख्य अट अशी की चेहरा झाकलेला नको, वस्त्र घट्ट बसणारं हवं, सुटं टोक किंवा टाचणी नको. शिखांच्या पटक्याचा प्रश्नही त्याच नियमाने सुटला, आणि तो तर आपल्या पुरुष खेळाडूंचाच प्रश्न होता. २०१४ लाच आशिया कपच्या वेळी आपल्या दोन शीख खेळाडूंना पगडी काढायला लावली होती.

आशियात या एका नियमाने किती फरक पडला बघा. इराणच्या मुलींना आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलचं दारच त्या आधी बंद होतं. पश्चिम आशियातून नवे संघ ब विभागात येताहेत. म्हणजे आपल्याला आता खालून वर यायलाही २०१७ पेक्षा गर्दी जास्त.

लेअप_लक्ष्मी

हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. आपण स्थिर राहिलो तरी मागे पडणार.

कोरियाचंही तेच चाललंय नाही का? १९८४ ला ऑलिंपिक रौप्य, आशियात १२ विजेतेपदं, आणि २०२३ ला सेमीफायनलही गाठता आली नाही. यंदा चौथे. सहा संघांची लीग असूनही. मग लीग असली म्हणजे सगळं होतं असंही नाही.

योकोहामा_मुक्काम

कोरियात शाळेत खेळणाऱ्या मुलीच कमी झाल्या आहेत. वर सहा संघ, खाली पाया बारीक. त्यांची सगळी भिस्त बरीच वर्षं पार्क जी-सू या एका सेंटरवर. ती असेल तर एक संघ, नसेल तर दुसराच. लीग लागते, पण लीगला मुली पुरवणाऱ्या शाळाही लागतात. म्हणून मला ऑरेंजसिटींची सहा नंबरच्या बॉलची गोष्ट इथल्या सगळ्या डावपेचांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटली.

अण्णा_सातारकर

तिसरा_क्वार्टर ताई, एक सांगा. २०१७ ला मुलींनी कझाकस्तानला हरवलं म्हणता. ती मॅच बघायला मिळेल का कुठे? माझी नात सातवीत आहे, शाळेच्या टीममध्ये घेतलंय तिला. आजोबांनी आयुष्यभर क्रिकेटच दाखवलं.

तिसरा_क्वार्टर

फिबाच्या यूट्यूब वाहिनीवर शोधा अण्णा, जुन्या बऱ्याच मॅचेस तिथे असतात. त्या मॅचची शेवटची पाच मिनिटं नातीला दाखवाच. मी तेव्हा बंगळुरूत नोकरीला होते, ऑफिसातून निघून गेले होते बघायला. शेजारी एक कानडी काकू, हातात जेवणाचा डबा, मुलगी खेळत नव्हती की भाची नव्हती, नुसत्या बघायला आलेल्या. शेवटच्या मिनिटाला त्यांनी माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

आणि तिला फक्त हायलाइट्स दाखवू नका. एक अख्खा क्वार्टर दाखवा आणि सांगा, बॉलकडे बघू नकोस, बॉल नसलेल्या चौघी काय करतात ते बघ. सातवीत हे कळलं तर पुढची निम्मी कटकट वाचते.

अण्णा_सातारकर

दाखवतो. आणि तिच्या शाळेत बॉल कितीचा आहे तेही बघतो. तो सहा नंबरवाला कुठला घ्यायचा? कातडी की रबरी?

ऑरेंजसिटी

कोर्ट सिमेंटचं असेल तर रबरीच घ्या काका. कातडी बॉल सिमेंटवर महिन्यात गुळगुळीत होतो, मग पावसाळी हवेत हातातून निसटतो. एक घेऊ नका, दोन घ्या. एक शाळेला द्या आणि एक घरी ठेवा, नाहीतर मुलंच घेऊन जातील तो. आणि हवा गच्च भरू नका. खांद्याच्या उंचीवरून सोडला तर कंबरेपर्यंत वर यायला हवा, त्याहून जास्त नको.